सीएनसी प्रोग्रामच्या फाइली शॉपमध्ये एका जागी कशा ठेवता? (११ मशीन, ३ संगणक, जळगाव)

तापीकाठ (जळगाव), ३ जून, रात्री ९:४०

राम राम मंडळी,

जळगाव एमआयडीसीत आमचं जॉबवर्कचं शॉप आहे. सात टर्निंग सेंटर (सीएनसी लेथ), चार व्हीएमसी (उभ्या स्पिंडलच्या मिलिंग मशीन). कंट्रोल, म्हणजे मशीन चालवणारा संगणक, बहुतेक फॅनुक, दोन मशीनला सीमेन्स ८२८डी. प्रोग्रामिंगचे संगणक तीन. एकावर मी बसतो, एकावर ज्युनिअर मुलगा, तिसरा शॉपमध्ये सेटर लोकांसाठी, म्हणजे जे मशीनवर जॉब लावतात. तिन्हींवर फाइली वेगवेगळ्या. त्यावर सहा-सात पेनड्राइव्ह आणि जुन्या फॅनुकसाठी दोन सीएफ कार्डं (मेमरी कार्डं).

मागच्या महिन्यात जे झालं ते सांगतो, म्हणजे प्रश्न नीट कळेल. पंपाचं बिडाचं बेअरिंग हाउसिंग आहे. जुन्या ड्रॉइंगला ६२०५ बेअरिंग होतं, म्हणजे बोअर (बेअरिंग बसायचं भोक) ५२ मिमी. पार्टीने (गिऱ्हाइकाने) ड्रॉइंगची रेव्हिजन सी काढली, बेअरिंग ६२०४ झालं, बोअर ४७. मी ऑफिसात प्रोग्राम बदलला, पहिला जॉब पास करून घेतला, ती ऑर्डर नीट गेली. महिन्याभराने तोच जॉब परत आला आणि रात्रपाळीला लागला. सेटरने शॉपच्या संगणकावरून प्रोग्राम उचलला, तो रेव्हिजन बीचा. फाइलचं नाव तेच, ओ नंबर (मशीनमधला प्रोग्रामचा नंबर) तोच. आणि ५२ चं जुनं प्लग गेज (भोक तपासायचं माप) त्याच मशीनच्या ट्रेमध्ये पडलेलं. प्रत्येक नग गेजला पास होत गेला. सकाळी मी आलो तेव्हा पॅलेटवर ३८ हाउसिंग रचून ठेवलेली होती, स्वच्छ पुसून, तेल लावून.

बुश (आत बसवायची नळी) मारून वाचवता येतील का, हे पार्टीला विचारलं. ते नाही म्हणाले आणि त्यांचं बरोबरच आहे. ३८ नग भंगारात गेले, कास्टिंगचे पैसे आमच्या अंगावर.

त्या सेटरला मी एक शब्द बोललो नाही. त्याला दिसली ती फाइल त्याने लावली, जे गेज होतं त्याने मोजलं. चूक फाइली ठेवण्याची आहे आणि ती माझ्याकडे आहे. आता हे कायमचं लावायचंय. तुमच्याकडे फोल्डर कसे असतात, नावं कशी देता, मास्टरकॅमची (प्रोग्राम बनवायच्या सॉफ्टवेअरची) टूल लायब्ररी आणि पोस्ट (मशीनचा कोड काढून देणारी फाइल) सगळ्यांना एकच कसं देता, सगळं सांगा. वेळ लागला तरी चालेल.

---

अवधान_सेटर (धुळे), ३ जून, रात्री १०:१५

भाऊ, हाई गोट आमनाकडे बी व्हयेल शे.

मराठीत लिहितो, सगळ्यांना कळेल. आमच्याकडे बोअर नव्हता, ग्रूव्हची रुंदी होती. तेव्हापासून एक केलं. प्रोग्रामच्या दुसऱ्या ओळीला कंसात ड्रॉइंग नंबर आणि रेव्हिजन लिहितो. फॅनुक कंसातलं वाचत नाही, पण स्क्रीनवर दिसतं. सेटर सायकल स्टार्ट दाबायच्या आधी जॉबकार्डावरची रेव्हिजन आणि स्क्रीनवरची रेव्हिजन बोट ठेवून ताडतो. फोल्डर लावायला तुम्हाला महिना लागेल, हे उद्या सकाळपासून करता येईल. अक्षरं मोठ्या लिपीतली इंग्रजीच ठेवा, जुन्या कंट्रोलला दुसरं काही कळत नाही.

आणि गेजवर पण रेव्हिजनची पट्टी लावा. तुमच्या ३८ नगांत निम्मा वाटा त्या गेजचा आहे.

---

केळीबाग (सावदा), ४ जून, सकाळी ७:०५

आम्ही पार्टीच्या नावाने फोल्डर करतो, आत पार्टचं नाव. "फ्लॅंज मोठा", "फ्लॅंज लहान" असं. चार मशीन आहेत, पुरतं.

---

टूलरूम_काका (भुसावळ), ४ जून, सकाळी ११:३०

केळीबाग भाऊ, चार मशीनला पुरतं, कारण चारही तुमच्या डोळ्यांसमोर आहेत. "फ्लॅंज मोठा" म्हणजे कुठला, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही लग्नाला चार दिवस गावी गेलात की त्या मुलाला माहीत नाही. पार्टचं नाव फाइलला देऊ नये. ड्रॉइंग नंबर द्यावा. नाव बदलतं, एका पार्टीचा फ्लॅंज तो दुसऱ्याचं कव्हर असतो.

तापीकाठ, तुमचं वाचून वाईट वाटलं. मी टूलरूममध्ये तीस वर्षं काढली. सुरुवातीला आमच्या पहिल्या एनसी मशीनचा प्रोग्राम कागदी टेपवर असायचा. भोकं पाडलेली टेप, डबीत गुंडाळलेली, डबीवर नंबर. एका जॉबची एकच टेप. ती कपाटात, कपाटाची किल्ली फोरमनकडे, रजिस्टरवर सही केली की मिळायची आणि पाळी संपली की परत जमा. दुसरी प्रत काढायची तर पंच मशीनपाशी बसून वेळ घालवावा लागे, म्हणून कोणी उगाच काढत नसे. "खरी टेप कुठली" हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. प्रत काढणं फुकट झालं आणि तिथून हा प्रश्न सुरू झाला. तुमचे सहा-सात पेनड्राइव्ह म्हणजे सहा-सात कपाटं आहेत आणि एकालाही कुलूप नाही.

त्यामुळे फोल्डरची रचना हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, खरी प्रत कुठे राहणार आणि तिला हात कोण लावणार. एक जागा, एक माणूस. तो माणूस रजेवर असेल तेव्हा कोण, तेही आधीच लिहून ठेवा.

ओ नंबरचं रजिस्टर ठेवा, वहीत ठेवलं तरी चालेल. चार आकडी नंबर आहे, ओ८००० च्या पुढचे मॅक्रोसाठी (पुन्हा पुन्हा लागणाऱ्या तयार प्रोग्रामसाठी) सोडा. ओ९००० च्या घरात मशीन बनवणाऱ्याचे टूल चेंजचे वगैरे मॅक्रो असतात, तिथे कोणी चुकून लिहिलं तर मशीन बंद पडेल. पॅरामीटर ३२०२ मधून ते दोन्ही घर लॉक करता येतं, करून ठेवा. एक नंबर एका ड्रॉइंगच्या एका ऑपरेशनला. जॉब बंद झाला तरी तो नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही.

---

व्हीएमसी_ताई (नरडाणा), ४ जून, दुपारी २:२०

मी मोल्ड आणि फिक्श्चरचं प्रोग्रामिंग करते, मास्टरकॅमवर. तीन जणांत शेअर फोल्डर लावण्याचं काम मीच केलं होतं, त्यात जे अडकलं ते लिहिते.

मास्टरकॅम इन्स्टॉल करताना शेअर्ड फोल्डरची जागा विचारतो. तशीच सोडली तर ती प्रत्येक संगणकाच्या सी ड्राइव्हवर पब्लिक डॉक्युमेंटमध्ये जाते, म्हणजे नाव शेअर्ड पण प्रत्येकाचा वेगळा. मशीन डेफिनेशन, कंट्रोल डेफिनेशन, पोस्ट, टूल लायब्ररी सगळं त्यात असतं. ते सर्व्हरवर न्यायचं तर नुसतं कॉपी करून भागत नाही. मशीन डेफिनेशनच्या आत कंट्रोल डेफिनेशनचा पत्ता असतो, कंट्रोलच्या आत पोस्टचा. सर्व्हरवर कॉपी केलं तरी ते पत्ते जुन्या सी ड्राइव्हकडेच बोट दाखवत राहतात. मी पोस्टमध्ये दुरुस्ती केली, माझ्याकडे बरोबर कोड निघाला आणि शेजारच्या मुलाकडे जुनाच निघत होता. दोन दिवस आम्ही पोस्टमध्ये चूक शोधत बसलो. चूक पत्त्यात होती. एकेक मशीन डेफिनेशन उघडून पत्ता सर्व्हरचा करून सेव्ह करावा लागतो.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. पार्ट फाइल बनवताना मशीन डेफिनेशनची एक प्रत त्या पार्ट फाइलमध्येच जाऊन बसते. तुम्ही सर्व्हरवरची डेफिनेशन सुधारली तरी जुनी पार्ट फाइल आपली जुनीच प्रत वापरते. मशीन ग्रुपच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ती बदलून घ्यावी लागते. जुना जॉब परत आला की मी हे आधी करते, मगच पोस्ट मारते.

टूल लायब्ररी सगळ्यांना वाचायला खुली ठेवा, लिहायला एकालाच. ती साधी टेक्स्ट फाइल नाही, आतून डेटाबेस आहे. नेटवर्कवरून दोघांनी एकाच वेळी तिच्यात लिहिणं धोक्याचं आहे. आमच्याकडे नवीन कटर आला की बाकीचे दोघं वहीत लिहितात आणि शनिवारी मी सगळे एकदम लायब्ररीत घालते, होल्डर आणि बाहेरच्या लांबीसकट. लांबी मोजून घाला, कॅटलॉगमधली नको. आमच्या मोल्डच्या खोल खिशात होल्डर घासला होता तो याच कारणाने.

व्हर्जन पण तिघांचं एकच ठेवा. नव्या व्हर्जनला सेव्ह केलेली फाइल जुन्यात तशीच उघडत नाही. एकाने उत्साहाने अपडेट केलं की बाकी दोघं बाहेर.

---

तापीकाठ, ४ जून, रात्री ९:१०

ताई, दोन दिवस पोस्टमध्ये चूक शोधायचं प्रकरण आमच्याकडे आठवडाभर चाललंय, आत्ता कारण कळलं. ज्युनिअरच्या संगणकावर टूलची लांबी लावणाऱ्या जी४३ च्या ओळीत एच नंबर येत नाही, माझ्याकडे येतो. उद्या पत्ते बघतो.

काका, "एक जागा, एक माणूस" हे कळलं. एक शंका आहे. सेटर मशीनवर रात्री बदल करतो. फीड कमी करतो, एखादा पास वाढवतो. त्याला हात लावायचा नाही म्हटलं तर रात्री मशीन उभी राहील.

---

नेटवर्कभाऊ (जळगाव), ४ जून, रात्री ११:५०

माझं काम नेटवर्किंगचं आहे, एमआयडीसीत आठ-दहा शॉप सांभाळतो. सेटरच्या प्रश्नाचं उत्तर शॉपवाले देतील, मी जागेबद्दल बोलतो.

कुणाच्या तरी संगणकावरचा फोल्डर शेअर करून काम चालवू नका. तो मुलगा संध्याकाळी संगणक बंद करून घरी जातो आणि रात्रपाळीला सर्व्हर नाही. लहान दोन डिस्कचा एनएएस (नेटवर्कवर कायम चालू राहणारी फाइलींची पेटी) घ्या. दोन्ही डिस्कवर एकच माल लिहिला जातो, एक गेली तर दुसरी चालते. पण त्याला बॅकअप समजू नका. कोणी फाइल खोडली तर ती दोन्हीकडून एकाच क्षणी खोडली जाते. बॅकअप म्हणजे वेगळ्या डिस्कवर, आणि एक डिस्क शॉपच्या बाहेर, मालकाच्या घरी. एनएएसला स्नॅपशॉटची सोय असेल तर रोज रात्रीचा लावून ठेवा, कालची फाइल आज परत मिळते.

ड्राइव्हचं अक्षर तिन्ही संगणकांवर एकच हवं. एकावर झेड आणि दुसऱ्यावर वाय असं केलं की ताईंनी सांगितलेले पत्ते पुन्हा तुटतात.

विंडोज एक्सपीचा एखादा जुना संगणक अजून डीएनसीला (मशीनला प्रोग्राम पाठवायला) चालू असेल, बऱ्याच ठिकाणी असतो. त्याला फक्त एसएमबी१, म्हणजे फाइल शेअरिंगचं जुनं तंत्र, कळतं. विंडोज १० ने ते २०१७ पासून नव्या इन्स्टॉलमध्ये बंद ठेवलंय आणि त्याला कारण आहे. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय व्हायरसने त्याच वाटेने जगभरच्या फाइली कुलूपबंद केल्या होत्या. "जुना संगणक दिसत नाही" म्हणून सगळ्या नेटवर्कवर एसएमबी१ चालू करून देणारे लोक मी पाहिले आहेत. करू नका. जुन्या मशीनला एक वेगळा छोटा संगणक द्या, इंटरनेटशिवाय.

सर्व्हर कुठे ठेवता हेही महत्त्वाचं. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश चढतं, आणि पत्र्याखालच्या शॉपमध्ये त्याहून जास्त. कूलंटची वाफ आणि बिडाची काळी धूळ वेगळी. एसी असलेल्या केबिनमध्ये ठेवा, यूपीएसवर ठेवा. लाइट गेली की आधी तो नीट बंद व्हायला हवा.

---

अवधान_सेटर, ५ जून, सकाळी ६:५०

जुन्या मशीनला आरएस२३२ ची केबल असेल तर चालू मशीनला केबल लावू-काढू नका. संगणकाची आणि मशीनची अर्थिंग वेगळी असली की पोर्ट जळतो. आमचे दोन जळलेत. सेटिंग ७ बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट, दोन्हीकडे बॉडरेट (पाठवायचा वेग) एकच. केबल १५ मीटरच्या आत ठेवा, स्पिंडल ड्राइव्हच्या वायरींपासून लांब.

पॅरामीटर २० (प्रोग्राम कुठून घ्यायचा ते ठरवतो) एका चिठ्ठीवर लिहून पॅनलला चिकटवा. सीएफ कार्ड असेल तर ४, यूएसबी १७, इथरनेट ९. निम्मे फोन याच कारणाने येतात.

---

टूलरूम_काका, ५ जून, सकाळी १०:००

सेटरच्या प्रश्नावर येतो. तापीकाठ, तुम्ही विचारलंत तेच या सगळ्याचं मूळ आहे, फोल्डरपेक्षा मोठं. म्हणून जरा लांब लिहितो.

प्रोग्राम ऑफिसातून मशीनला जातो, ही अर्धी वाट झाली. मशीनवर तो बदलतो. रात्री अडीच वाजता जॉब चॅटर मारतोय (थरथरून लाटा पडतायत), सेटर फीड ०.२५ वरून ०.१८ करतो. फिक्श्चर एका बाजूला जड आहे, चक थरथरतं, म्हणून तो जी५० मध्ये (स्पिंडलच्या वेगाची कमाल मर्यादा) २५०० चं १८०० करतो. कोपऱ्यात बर (धारदार कंगोरा) राहतो म्हणून एक छोटा चॅम्फर (तिरका काप) घालतो. प्रत्येक बदलामागे त्याचा एक तास गेलेला असतो आणि एखाद-दुसरा नग. ही त्या शॉपची कमाई आहे. ती कुठे राहते? मशीनच्या मेमरीत. मेमरी भरली की कोणी तरी जुने प्रोग्राम खोडतो. सहा महिन्यांनी जॉब परत येतो, ऑफिसातून ०.२५ चा मूळ प्रोग्राम लागतो, परत चॅटर, परत अडीच वाजता तोच तास.

२०२० च्या लॉकडाउननंतर आमच्या ओळखीच्या एका शॉपमध्ये मशीन उघडल्या तर एका कंट्रोलची मेमरीची बॅटरी संपलेली. आतले प्रोग्राम, पॅरामीटर, ऑफसेट सगळं साफ. पॅरामीटर बनवणाऱ्याकडून परत मिळाले, प्रोग्राम मिळाले नाहीत. ऑफिसात फाइली होत्या, पण त्या पहिल्या दिवसाच्या होत्या. आठ वर्षांचे बदल त्या मेमरीत होते. म्हातारा सेटर तिथे खुर्चीत बसून राहिला होता, काही बोलला नाही.

म्हणून मी सांगतो, परतीची वाट आधी बांधा. सेटरला हात लावू नको म्हणू नका, त्याने लावलाच पाहिजे. पण जॉब उतरवायच्या आधी प्रोग्राम मशीनमधून बाहेर काढून एका ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकायचा. त्या फोल्डरला नाव द्या "परत". सेटरला लिहायची मुभा फक्त तिथे. "चालू" फोल्डरमधून तो फक्त उचलू शकतो. सकाळी प्रोग्रामर "परत" मधली फाइल आणि "चालू" मधली फाइल शेजारी-शेजारी लावून फरक बघतो. पटलं तर नव्या तारखेने "चालू" मध्ये घेतो आणि जुनी "जुने" मध्ये हलवतो. पटलं नाही तर सेटरला विचारतो. विचारतोच, गुपचूप टाकून देत नाही. एकदा गुपचूप टाकलं की तो परत काही टाकणार नाही.

---

व्हीएमसी_ताई, ५ जून, दुपारी १:४०

काकांचं सोळा आणे पटलं. फरक बघायला विनमर्ज वापरा, फुकट आहे. दोन फाइली डावी-उजवीकडे आणि बदललेली ओळ रंगात दिसते. दोनशे ओळींच्या टर्निंग प्रोग्रामला दोन मिनिटं लागतात.

एक मात्र वेगळं. मोल्डच्या फिनिशिंगचा प्रोग्राम लाखभर ओळींचा असतो, तो मेमरीत मावतही नाही, कार्डावरून चालतो. तिथे ओळ-ओळ बघण्यात अर्थ नाही. तिथे सेटर मला फीड आणि स्पीड चिठ्ठीवर लिहून देतो, मी कॅमच्या फाइलमध्ये बदलते आणि परत पोस्ट मारते. टर्निंगमध्ये चाललेला जी कोड हाच खरा, मोल्डमध्ये कॅमची फाइल खरी. हा भेद आधीच ठरवा, नाहीतर दोन्हीकडे बदल होतात आणि दोन्ही अर्धवट राहतात.

---

केळीबाग, ५ जून, रात्री ८:३०

काका, ड्रॉइंग नंबरचं मान्य. पण आमच्याकडे डाळ मिलचे शाफ्ट येतात, पार्टी नमुना आणून देते, ड्रॉइंगच नसतं. जिनिंगच्या पार्टचंही तसंच. मग काय नंबर?

---

टूलरूम_काका, ५ जून, रात्री ९:२०

मग तुम्ही द्या नंबर. नमुना मोजून हाताने स्केच काढा, स्केचला तुमचा नंबर आणि रेव्हिजन ए. पार्टीची सही घ्या त्याच्यावर. उद्या माप चुकलं म्हणून भांडण आलं तर तोच कागद कामी येतो.

---

तापीकाठ, २ ऑगस्ट, रात्री १०:०५

मंडळी, दोन महिने झाले. केलं ते सांगतो.

एनएएस केबिनमध्ये बसवला, नेटवर्कभाऊंनी स्वतः येऊन लावून दिला. आत पहिल्या पातळीला पार्टी, मग ड्रॉइंग नंबर, मग चार फोल्डर: चालू, परत, जुने, कागद. फोल्डरची नावं खरी इंग्रजी अक्षरात आहेत, इथे वाचायला मराठीत लिहिली. पार्टीला ड्रॉइंग नंबरच्या वर ठेवायचं की नाही, यावर आमचा वाद झाला. शेवटी ठेवलं, कारण पार्टीचा माणूस समोर उभा राहतो तेव्हा तो आपल्या नावाने विचारतो. फाइलच्या नावात ड्रॉइंग नंबर, रेव्हिजन, ऑपरेशन (कामाचा टप्पा) १० की २०, आणि मशीनचा नंबर. एका पार्टीच्या ड्रॉइंग नंबरात तिरपी रेघ आहे, विंडोज ती नावात घेत नाही, तिथे आडवी रेघ ठेवली आणि नियमात लिहून ठेवलं. नाहीतर प्रत्येकाने आपल्या मनाने काही तरी घातलं असतं.

जुन्या फाइली आवरायला घेतल्या तेव्हा तिन्ही संगणक आणि पेनड्राइव्ह मिळून एकट्या त्या हाउसिंगच्या नऊ फाइली निघाल्या. नऊ. शेवटी "फायनल", "फायनल नवा", "फायनल ओके" असं. सगळ्या छापल्या, टेबलावर पसरल्या आणि सेटरला बोलावून बसवलं. त्यानेच सांगितलं, चौथीतला बोरिंगचा फीड बरोबर आहे आणि सातवीतला जी५० बरोबर आहे. बोअर अर्थात ४७ चा. दोन्ही मिळून एक बनवली, मशीनवर लावून पहिला जॉब पास केला आणि बाकी आठ "जुने" मध्ये. खोडल्या नाहीत.

सगळे जॉब आवरायला जमणार नाही हे आठवड्यातच कळलं. म्हणून ठरवलं, जो जॉब मशीनला लागेल तेवढाच त्या दिवशी आवरायचा. आतापर्यंत ६४ झाले. जे दोन वर्षांत आले नाहीत ते एका बंद फोल्डरमध्ये तसेच पडून आहेत.

पेनड्राइव्ह जमा केले. दोन ठेवले, लाल रंगाचे, सीमेन्ससाठी, ते पाळी संपली की रिकामे करून खिळ्याला टांगायचे. सीएफ कार्ड अॅडॉप्टरमध्ये कायमचं बसवून ठेवलं, सारखं काढ-घाल करून मशीनच्या स्लॉटच्या पिना वाकतात. सगळ्या मशीनचे पॅरामीटर आणि प्रोग्राम काढून घेतले आणि बॅटऱ्यांची तारीख भिंतीवर लिहिली. फॅनुकची मेमरीची बॅटरी मशीन चालू ठेवूनच बदलायची, हे ज्युनिअरकडून दोनदा म्हणवून घेतलं.

गेजला रेव्हिजनची पट्टी लावली. ५२ चं ते गेज मी स्वतः उचलून स्टोअरमध्ये जमा केलं.

एकच अडलंय. "परत" मध्ये फार कमी येतं. दोन महिन्यांत नऊ फाइली. रात्रपाळीकडून शून्य.

---

अवधान_सेटर, ३ ऑगस्ट, सकाळी ७:१५

मी सेटर आहे म्हणून सांगतो भाऊ. रात्री बदल केला की मनात भीती असते, सकाळी साहेब विचारतील कोणी सांगितलं होतं तुला. काही ठिकाणी बोलणी खाल्लेली असतात. तुम्ही ३८ नगांनंतर त्याला काही बोलला नाहीत हे चांगलं केलं, पण तुम्ही का बोलला नाहीत हे त्याला माहीत आहे का? त्याला वाटत असेल तुम्ही लक्षात ठेवून आहात.

त्याच्या पाळीला जा. सकाळी बोलावू नका, तो झोपेचा खोळंबा असतो. रात्री अकराला जा, चहा घ्या आणि त्याच्या हाताने एक फाइल "परत" मध्ये टाकायला लावा.

---

तापीकाठ, ३ ऑगस्ट, सकाळी ९:००

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आज रात्री जातो.

---

रात्रपाळी_११ (जळगाव), ९ ऑगस्ट, पहाटे ४:२५

नमस्कार, मी तापीकाठ सरांच्या शॉपमधला सेटर. सर त्या रात्री आले होते, दोन तास थांबले. हा धागा त्यांनीच दाखवला, पूर्ण वाचला.

सर, आज ओ२१४७ "परत" मध्ये टाकलाय. ४७ चं हाउसिंग, ऑपरेशन २०. बोरिंगचा फीड ०.१८ होता, मी ०.१५ केला, कारण कास्टिंगची ही लॉट कडक आहे, इन्सर्ट (टूलची कापणारी टिकली) तिसाव्या नगाला घासतो. टी०५ टूलला नोज रेडियस (टोकाची गोलाई) ०.४ चा इन्सर्ट लावलाय, ०.८ ने बोअरच्या तोंडाशी लाट येत होती. ऑफसेटच्या पानावर रेडियस बदललाय, ते प्रोग्राममध्ये दिसणार नाही म्हणून इथे लिहितोय. प्रोग्रामच्या वर कंसात तारीख आणि माझी अक्षरं घातली आहेत. ५२ नग झाले, सगळे ४७.०१० ते ४७.०१८ मध्ये.

---

तापीकाठ, ९ ऑगस्ट, सकाळी ८:५०

विनमर्जमध्ये लावून बघितला. फीडच्या दोन ओळी आणि शीर्षक, बाकी तसाच आहे. "चालू" मध्ये घेतला. नोज रेडियस टूल लिस्टमध्ये घातला आणि पार्टीला कास्टिंगच्या लॉटबद्दल आत्ताच फोन केला, ते फाउंड्रीत कडकपणा तपासून सांगतात.

इन्सर्टची एक पेटी तुमच्या कपाटात ठेवली आहे, ०.४ ची.